खावपाक काय रोवपाक?

पाटफणस म्हणजे आपला नेहमीचा फणस नव्हे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मागच्या वर्षभरात मंडळातल्या निदान दहा जणांनी मला ऐकवलंय, "अगं, फणस लावायला एवढं काय लागतं? आठळी टाकली की उगवतो." आठळी टाकली की फणस उगवतो, खरं आहे. पाटफणसाची बीसुद्धा टाकली की उगवते. पण ती लगेच टाकावी लागते, झाडाखाली माकडांच्या आधी पोचावं लागतं, आणि उगवलेलं रोप पाटफणसाचंच आहे हे ओळखता यावं लागतं. या भानगडीत माझं एक वर्ष गेलं. तिसऱ्या सेमिस्टरचा एक असाइनमेंटही गेला, पण त्याबद्दल इथे नको, संपादक मॅडम वाचतात.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडी दाट होत जाते आणि पावसाळ्यात धुकं थेट रस्त्यावर उतरतं. तिथून आत एका वाडीत कॅथलिकांची अकरा घरं आहेत. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून आलेले. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बसच्या पाटीवर आणि जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, आणि आता माझ्या पेपरात इंग्रजी. आजीला आम्ही शामाय म्हणतो. आजोबा, म्हणजे शापाय, मी सातवीत असताना गेले.

भातशेतीच्या वरच्या बांधाला, जिथे आमची जमीन संपते आणि रान सुरू होतं, तिथे एक पाटफणस होता. तो कुणी लावला नव्हता. शापाय सांगायचे की त्यांच्या लहानपणीही तो तेवढाच उंच होता. म्हातारी माणसं सगळ्याच झाडांबद्दल असं सांगतात. पण खोड खरंच सरळ, आणि पहिली फांदी आमच्या घराच्या कौलांपेक्षा वर. नेहमीच्या फणसासारखी शिडी लावून फळं उतरवायची सोय नाही. पडेल ते आपलं. त्याआधी दिवसा माकडं आणि शेकरू, रात्री वटवाघळं. खाली येणाऱ्या फळांतली निम्मी उष्टी असतात.

फळ मुठीपेक्षा थोडं मोठं, पिकलं की पिवळं-नारिंगी, वर बारीक काटे. आत बोटाच्या पेराएवढे नारिंगी गरे, आंबटगोड. त्यातली बी शेंगदाण्याएवढी. ही बी धुऊन, उन्हात सुपावर वाळवून, खापरात वाळू घालून भाजायची. साल बोटाने चोळली की निघते. चव शेंगदाणा आणि चणा यांच्या मधली कुठली तरी. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी लादीन होते आणि लादीन झाली की चणे वाटतात. लादीन मेच्या अगदी शेवटी आली तर शामाय चण्यात मूठभर भाजलेल्या बिया मिसळायची. आम्ही पोरं चणे बाजूला सारून बिया शोधायचो. दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे "काजूसारखं काहीतरी" एवढंच मी बेळगावातल्या मैत्रिणींना सांगू शकायचे. काजूसारखं ते अजिबात नाही.

ओळखायचं कसं, हे विचारणाऱ्यांसाठी आता जरा सविस्तर. आपल्या भागात लोक तीन झाडांची सरमिसळ करतात: फणस, नीरफणस आणि पाटफणस. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींना पांढरा चीक. फणसाचं फळ खोडाला आणि जाड फांद्यांना लागतं. पान चकचकीत, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढं. नीरफणस हा पाहुणा, प्रशांत महासागरातल्या बेटांकडून आलेला. त्याचं पान हातभर मोठं आणि बोटं असल्यासारखं कापलेलं. त्याच्या फळात बहुधा बी नसतेच, म्हणून त्याचं रोप मुळाला फुटलेल्या धुमाऱ्यापासून करतात. आपण त्याच्या फोडी रवा लावून तळतो, तोच. पाटफणस मात्र इथला, पश्चिम घाटातल्या सदाहरित रानाचा. जगात दुसरीकडे तो आपणहून उगवत नाही. त्याचं फळ खोडाला लागत नाही, वर फांद्यांच्या टोकांकडे पानांच्या बगलेत लागतं. पान जाडसर, आणि पालथं करून शिरांवरून बोट फिरवलं तर केस लागतात, मांजराच्या जिभेइतके नाहीत पण खरखरीत.

सगळ्यात सोपी खूण शेपट्यांची. या झाडाची नरफुलं लांब, बारीक, लोंबणाऱ्या शेपट्यांसारखी असतात, करंगळीपेक्षा बारीक आणि वीतभर लांब. फणसाची नरफुलं अंगठ्यासारखी आखूड आणि जाड. उन्हाळ्याच्या तोंडाला एखाद्या उंच झाडाखाली सुरवंट मरून पडावेत तसा पिवळट-तपकिरी सडा दिसला, तर मान वर करून बघा.

पण खरी गंमत रोपात आहे. पाटफणसाच्या रोपाची पानं मोठ्या झाडाच्या पानांसारखी नसतात. मोठ्या झाडाचं पान अखंड, अंडाकृती. रोपाचं पान खोल कापलेलं, नीरफणसाची आठवण व्हावी असं. म्हणजे ज्याने आयुष्यभर हे झाड पाहिलंय, तोसुद्धा त्याच्याच पायाशी उगवलेलं त्याचं पोर ओळखेल असं नाही. आमच्या बांधाखाली दरवर्षी अशी रोपं उगवत असणार आणि भाताची बेणणी करताना कुणीतरी ती उपटून टाकत असणार. नीरफणस इथे कसा उगवला, असा प्रश्नही कुणाला पडला नसेल.

नावांचं प्रकरण मला, साहित्याची विद्यार्थिनी म्हणून, झाडाइतकंच आवडलं. मराठीत पाटफणस किंवा रानफणस. कन्नडमध्ये हेब्बलसु. हलसु म्हणजे फणस, आणि पुढचा 'हेब्' म्हणजे मोठा. हेब्बागिलु म्हणजे मोठा दरवाजा, हेब्बावु म्हणजे अजगर. फळ तर फणसाच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नाही, मग मोठा कसा? फळाकडे बघून ठेवलेलं नाव नसणार ते. लाकडाकडे बघून ठेवलेलं असावं. मल्याळममध्ये अंजिली. केरळात शर्यतीत पळणाऱ्या त्या लांबलचक चुंडन वळ्ळम नावा याच लाकडाच्या करतात. शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हिर्सुटस. कॉलेजातल्या एका फादरांना विचारलं तर ते खूश झाले. त्यांना लॅटिनबद्दल विचारणारं हल्ली कुणी भेटत नाही. हिर्सुटस म्हणजे केसाळ. आर्टोकार्पस ग्रीकमधून आलेलं: आर्टोस म्हणजे भाकरी, कार्पोस म्हणजे फळ. प्रभूच्या प्रार्थनेत आपण जी रोजची भाकर मागतो, तिच्यासाठी मूळ ग्रीक शुभवर्तमानात हाच आर्टोस शब्द आहे. केसाळ भाकरफळ! शामायला सांगितलं तर ती म्हणाली, "पाद्रींना काम नाही."

याच फादरांनी मला 'हॉर्टस मलबारिकस'चा नाद लावला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारातल्या झाडांवर तयार करवून घेतलेला हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्याच्या तिसऱ्या खंडात अंजिली आहे. सुरुवातीच्या कामात एक इटालियन कार्मेलाइट संन्यासी होते, फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ. ते स्वतः झाडांची चित्रं काढायचे. वनस्पतींची माहिती दिली मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन यांनी, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. या तिघांचं १६७५ सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी लिपीत छापलंय. गोवा सोडून कोचीनला गेलेल्या समाजातली ही माणसं. गोवा सोडून घाटावर आलेल्या समाजातली मी ते पान स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळ बघत होते. अक्षर लागतं, थोडं थांबून वाचलं की भाषाही लागते.

असो. जानेवारीत झाड विकायचं ठरलं.

माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालायचं होतं आणि पैसे पुरत नव्हते. काजूचं पीक सलग दोन वर्षं अवकाळी पावसाने झोपवलं होतं. झाड विकायचा विषय आईने नाही, मामानेही नाही, शामायनेच काढला. मामा लाकडाच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. त्याने छातीच्या उंचीवर खोडाला टेप लावला: घेर नऊ फूट चार इंच. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने दोन ठोके मारून आवाज ऐकला. "हेब्बलसु. पोकळ नाही. माल चांगला हाय." या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, पाण्यात टिकतं, दारं-चौकटींना चालतं. आमच्या घराचं आढंसुद्धा पाटफणसाचंच आहे, शापायच्या वडिलांच्या वेळचं, आणि त्याला अजून कीड नाही.

भाव ठरला. तोड परवानगीचे कागद मामा बघणार होता. मग व्यापारी म्हणाला, "आजी, एप्रिलच्या आत पाडूया. पाऊस लागला की गाडी आत येत नाही बघा."

शामाय म्हणाली, "फळ पडल्यावर."

"फळाला कोण विचारतंय आजी?"

"मी विचारते."

फळ पडणार मेच्या शेवटी, जूनमध्ये. म्हणजे तोड थेट पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरात. व्यापाऱ्याने हिशेब स्वच्छ सांगितला: आत्ता थोडा आगाऊ देतो, बाकी तोडीनंतर, त्या वेळचा जो दर असेल त्याने. फी भरायची होती पावसाळ्यात. शेवटी मामाने सोसायटीतून कर्ज काढलं. आई तेव्हा जे बोलली ते मला अजून आठवतं: "चार टोपल्या बियांसाठी घर व्याज भरतंय." आईचं चुकत नव्हतं. मी तेव्हा तिच्याच बाजूने बोलले होते आणि आजही तो हिशेब मांडला तर तिचंच उत्तर येतं. शामाय त्या बोलण्यात पडलीच नाही. तिचं म्हणणं एकच होतं, झाड जाऊ दे, बी घरात राहिली पाहिजे.

बी घरात राहणं हा तिच्या लेखी नेहमीचा व्यवहार. भाताचं बियाणं ती गवताच्या मुडीत बांधून ठेवते. दोडकी, काकडी, भोपळा यांच्या बिया राखेत घोळवून चुलीच्या वर टांगते. खायच्या आठळ्यांना लाल माती लावून कोपऱ्यात रचते, त्या पावसाळाभर पुरतात. तिचा बेत होता की पाटफणसाची बीही राखेत ठेवायची आणि पुढच्या जूनला, तोड होऊन बांध मोकळा झाला की, पेरायची.

इथे पुस्तक आडवं आलं. भाताचा दाणा लोंबीतच वाळतो. वाळला की तो झोपतो म्हणायला हरकत नाही; त्याचा श्वास इतका मंदावतो की कोरड्या जागी महिनोन्‌महिने तसाच राहतो. दमट रानातल्या कितीतरी झाडांच्या बिया अशा झोपतच नाहीत. त्या ओल्या फळातून ओल्याच खाली पडतात आणि लगेच उगवायच्या तयारीत असतात. पाऊस तर डोक्यावर असतोच, वाट कसली बघायची? त्यांना वाळवलं की आतला कोंब मरतो. थंडीत ठेवलं तरी मरतो. शास्त्रात अशा बियांना रिकॅल्सिट्रंट म्हणतात, म्हणजे हट्टी, ऐकून न घेणाऱ्या. नॉर्वेत स्वालबार्ड बेटावर २००८ मध्ये जगभरच्या बियाण्यांसाठी डोंगरात कोठार बांधलंय, उणे १८ अंशांवर. तिथे आपला भात राहतो, फणस किंवा पाटफणस राहू शकत नाही. फणसाचं बियाणं ठेवायचं तर फणसाचं झाडच ठेवावं लागतं.

हे मी शामायला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "बघूया."

परीक्षा संपवून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात आजोळी गेले. सांज्यांवपर्यंत, म्हणजे २४ जूनपर्यंत राहायचं ठरवून. काम सोपं होतं आणि किळसवाणं. पहाटे, माकडं जागी व्हायच्या आत, झाडाखाली जायचं. रात्रीत पडलेली फळं टोपलीत भरायची. चिखलात फुटलेली, मुंग्या लागलेली, वटवाघळांनी चोखलेली, सगळी. परसात बादलीत कुस्करून गर सोडवायचा. हात दोन दिवस आंबूस वासाचे राहतात आणि चीक साबणाने जात नाही, खोबरेल लावावं लागतं. पाण्यात तरंगणारी बी फेकायची, बुडणारी ठेवायची. मग शामाय पडवीत सूप घेऊन बसलेली असायची आणि दरवेळी एकच विचारायची, "खावपाक काय रोवपाक?" खायची बी उन्हात जाणार, पेरायची सावलीत ओल्या गोणपाटाखाली. एकदा सुपावर वाळली की ती खायचीच झाली. पहिल्या दिवशी सगळी बी पेरायला ठेवावी असं मला वाटलं होतं. शामायने निम्मी सुपावर ओढली. "शेवटच्या वर्षी खायचं नाही?"

आणि तिने प्रयोगही केला, मला न विचारता. वीस बिया राखेत, वीस लाल मातीत घोळवून, वीस तशाच ओल्या गोणपाटात. तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिन्ही उघडल्या. राखेतल्या हलक्या झाल्या होत्या, सालीच्या आत सुरकुतलेल्या. त्या पेरल्या, एकही आली नाही. मातीतल्या काही कुजल्या, काहींनी मातीचं कवच फोडून मूळ बाहेर काढलं होतं. गोणपाटातल्या तर बहुतेक उगवून एकमेकींत गुंतल्या होत्या. शामायने राखेतली एक बी दाताखाली फोडली, थुंकली आणि म्हणाली, "ही खायलासुद्धा गेली."

बाकीच्या एकशे चाळीस बिया मी पिशव्यांत पेरल्या. पिशवी खोल हवी, कारण मूळ सरळ खाली जातं. लाल माती, वाळू, जुनं शेणखत. बी आडवी ठेवून वर बोटाच्या निम्म्या पेराएवढी माती, जास्त नाही. पहिलं रोप सोळाव्या दिवशी आलं. पण आमच्याकडचा पाऊस काय असतो ते कणकुंबीला जुलैत गेलेल्यालाच कळेल. पहिल्या मोठ्या झडीत पिशव्यांची डबकी झाली. सगळ्या उचलून गोठ्याच्या पडवीत नेल्या, जिथे वरून पाणी पडत नाही आणि उजेड तिरपा येतो. हे आधी कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं, मामीने सुचवलं. त्र्याऐंशी उगवली. गोगलगायींनी दहा-बारा खाल्ली, काही बुडाशी काळी पडून आडवी झाली. ऑगस्टअखेर एकसष्ट.

मग घोळ. शामायने शेजारच्याच पिशव्यांत आठळ्याही टोचल्या होत्या, पिशव्या रिकाम्या दिसल्या म्हणून. मामाच्या मुलाने गोठा झाडताना सगळ्या पिशव्या नीट ओळीत लावून दिल्या, आकाराप्रमाणे. चिठ्ठ्यांवरची शाई पावसाने केव्हाच धुऊन नेली होती. आता यातला फणस कुठला आणि पाटफणस कुठला? फणसाच्या कोवळ्या रोपालाही कधी कधी कापलेली पानं येतात, त्यामुळे नुसतं लांबून बघून चालत नाही. गणपतीच्या सुट्टीत मी एकेक पिशवी मांडीवर घेऊन बसले. पान पालथं करायचं, गालावर फिरवायचं. बोटांपेक्षा गालाला केस लवकर कळतात. गुळगुळीत तो फणस. शंका आली तर माती जरा उकरायची. फणसाच्या रोपाच्या बुडाशी ती मोठी आठळी बरेच दिवस चिकटलेली असते, पाटफणसाची बी त्याच्या पुढे चिमुकली. तास-दीड तासात वाटण्या झाल्या. हिर्सुटस हा शब्द मी त्यानंतर कधी विसरेन असं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या २ तारखेला शापायच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला आम्ही सगळे गावी गेलो होतो, तेव्हा झाड उभं होतं. पुढच्याच आठवड्यात पाडलं. मी बेळगावात, वर्गात. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर बुंध्याचा फोटो पाठवला. कापलेली बाजू हळदीसारखी पिवळी, भोवती सालीचा काळपट पट्टा, त्यावर पांढरा चीक अजून गळतोय. मामाने पैसे मोजून सोसायटीचं कर्ज व्याजासह फेडलं. दर जानेवारीपेक्षा किंचित बरा मिळाला होता, पण व्याज वजा केल्यावर आईचाच हिशेब खरा ठरला. बहीण आता पहिल्या वर्षाला आहे, नाइट ड्युटीचे फोटो पाठवते. शामाय दोन दिवस वरच्या बांधाकडे गेली नाही, तिसऱ्या दिवशी तिथे वाळत घातलेली गवताची पेंढी आणायला गेली. त्याबद्दल काही बोलली असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही.

आज रोपं चव्वेचाळीस आहेत. सगळ्यात उंच माझ्या गुडघ्याच्या वर आलंय. जानेवारीपासून एक दिवसाआड पाणी, आणि शेळीपासून राखण. हा पाला शेळ्यांना भलताच आवडतो. आता प्रश्न जागेचा. एवढं मोठं होणारं झाड आपल्या बागेत कुणाला नको असतं. मामा म्हणतो, काजूला सावली पडेल, बांधावर दोनच लाव. वाडीतल्या एकाने पाच रोपं मागितली, पण नीरफणस समजून. त्याला पान हातात देऊन फरक सांगितला तेव्हा त्याने तीन ठेवली, दोन परत केली, हे त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं. प्राचार्यांनी कॉलेजच्या मागे, हॉस्टेलच्या कुंपणालगत दोन जागा दिल्यात. बेळगावात कणकुंबीएवढा पाऊस नाही, वाढ हळू होईल. पण आपल्या शहरात जुने फणस आहेतच, तेव्हा हेही जगायला हरकत नसावी. फळ यायला बरीच वर्षं लागतील. शामाय एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने परवा फोनवर विचारलं ते फळाचं नव्हतं, "कापलेलं पान किती वर्षं येतं, अखंड कधीपासून?" मला सांगता आलं नाही. लावून बघावं लागेल.

जूनमध्ये, पहिला पाऊस जमिनीत मुरला की, रोपं गोठ्यातून निघतील. मंडळातल्या ज्यांना हवं असेल त्यांनी त्याआधी मला सांगा. कुंडीत नको, गच्चीवर नको, विजेच्या तारेखाली नको, घराच्या भिंतीपासून निदान पंचवीस फूट लांब. शेळ्या असतील तर कुंपण करावं लागेल. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला माणूस हवा. आणि नाव देताना जागा कुठली, कुणाची, तेही सांगा. शामाय विचारणार आहे.